कोयता लागला, तर भरपाई कोणी द्यायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती पुढच्या पाच-सहा महिन्यांत ऊस तोडून फेडायची असते.

या कामात इजा होणे नवे नाही. कोयता बोटावर बसतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाय घसरतो. पाचटात साप निघतो. रात्री भरलेली ट्रॉली उलटते. जखमी माणूस कोपीवर पडून राहतो, त्या दिवसांची मजुरी बुडते आणि वर खाड्याचा दंड लागतो. दवाखान्याचे पैसे मुकादमाने दिले, तर तेही उचलीत चढतात. म्हणजे कामावर झालेल्या इजेची किंमत मजूरच मोजतो. कायदा मात्र याच्या अगदी उलट सांगतो.

कामामुळे आणि काम करताना अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आणले. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि जुन्या कायद्यातल्या तरतुदी तीत सामावल्या. मालकाची चूक होती हे मजुराला सिद्ध करावे लागत नाही. मजुराचा स्वतःचा थोडा निष्काळजीपणा असला, तरी हक्क जात नाही. मजूर दारू प्यायलेला होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, अशा हरकती मालकाला घेता येतात. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर त्याही चालत नाहीत. घरून कामाच्या जागी जाताना किंवा परतताना अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दाखवता आला, तर तोही नव्या संहितेने कामावरचा अपघात मानला आहे.

भरपाई किती, याचा हिशेब ठरलेला आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाची निम्मी रक्कम आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के रक्कम घेतात आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. वय 30 असेल, तर तो आकडा 207.98 आहे. समजा, तीस वर्षांच्या गड्याचे महिन्याचे वेतन 10,000 रुपये धरले. त्याचा मृत्यू झाला, तर वारसांना 10,39,900 रुपये मिळायला हवेत. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर 12,47,880 रुपये. अंगठा तुटला, तर कमावण्याची ताकद 30 टक्के गेली असे परिशिष्टात धरले आहे. म्हणजे 3,74,364 रुपये. आता हा अंगठा कोपीवर चार-पाच हजारांत मिटवला जात असेल, तर मजूर काय गमावतो, हे आपल्याच लक्षात येईल.

मग दावे का होत नाहीत? डिसेंबर 2017 मध्ये परळीजवळच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात उकळत्या रसाची टाकी फुटून कामगार मृत्युमुखी पडले. ती बातमी राज्यभर गेली. कारखान्यातल्या कामगाराचे नाव हजेरीपटावर असते. फडातल्या मजुराचे नाव कुठेच नसते. कारखाना म्हणतो, हा माणूस मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी कारखान्यासाठी टोळी आणली. कायद्यानुसार, आपल्या धंद्यातले नेहमीचे काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मुख्य मालकही भरपाईला जबाबदार असतो आणि दिलेली रक्कम तो नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. पण त्याने हाती घेतलेल्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेवर अपघात झाला, हेही दाखवावे लागते. ऊस शेतकऱ्याच्या रानात असतो, त्यामुळे वाद इथेच होतो. तो वाद कागदावर जिंकला किंवा हरला जातो.

म्हणून इजा झाली त्याच दिवशी चार गोष्टी कराव्यात. पहिली, जखमीला सरकारी दवाखान्यात न्यावे आणि कामावर, अमुक गावच्या फडात इजा झाली, असे केसपेपरवर लिहून घ्यावे. घरी पडला असे कोणी सांगायला लावले, तर ऐकू नये. दुसरी, मोठा अपघात असेल, तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्यावा. तिसरी, मुकादम आणि कारखाना या दोघांनाही तारीख, जागा आणि इजा लिहून नोटीस पाठवावी व पोच जपून ठेवावी. चौथी, टोळीचा कोड, गाडीचा क्रमांक, वजनकाट्याची पावती, उचलीचा कागद, ग्रामसेवकाने दिलेले ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र, यांतले जे असेल ते एका पिशवीत ठेवावे. सोबतच्या दोघा-तिघांची नावेही लिहून ठेवावीत.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. त्यासाठी सांगली-कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही. मजूर किंवा त्याचे वारस जिथे राहतात, तिथल्या प्राधिकाऱ्याकडेही दावा लावता येतो. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल, तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. अपघात ट्रॅक्टर-ट्रकचा असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ताही आहे. मात्र दोन्हींपैकी एकच निवडता येतो. तेव्हा वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आधी विचारावे.

एक गोष्ट घरातल्या बायामाणसांनी विशेष ध्यानात ठेवावी. मृत्यूची भरपाई मालकाने प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. दुःखाच्या घरी येऊन कोणी रोख रक्कम हातावर ठेवली आणि ‘आता काही मागणे नाही’ अशा कागदावर अंगठा घेतला, तरी त्या कागदाने हक्क संपत नाही.

उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत पै-पैचा असतो. इजेचा हिशेब ठेवणारी वही मात्र टोळीनेच घालायची आहे. यंदा गाडी भरताना कोयता, तवा आणि पांघरुणाबरोबर एक वही आणि एक पेनही बरोबर घ्या.