नागपंचमीची मेंदी जास्त दिवस कशी टिकवायची?

आमच्या भद्रावतीत नागपंचमी म्हणजे भद्रनागाच्या देवळातली गर्दी, आणि हातावर मेंदी. ‘ताई, रंग टिकत नाही’ हे मी दर श्रावणात ऐकते, म्हणून आज तेवढंच बोलू.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला धरून बसतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद चढतो. हा थर झिजला की रंगही जातो, साधारण १ ते २ आठवड्यांत. म्हणजे कामं दोनच: रंग खोल मुरू द्यायचा आणि कातडी झिजू द्यायची नाही.

लावण्याआधी हात साबणाने धुवा. तेल, क्रीम नको. मेंदी ६ ते ८ तास ठेवा. सुकायला लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपा, म्हणजे ती गळून पडत नाही. काढताना धुऊ नका, खरवडा. सकाळी हात केशरी दिसले तर घाबरू नका; हवा लागून १-२ दिवसांत रंग गडद होतो. पहिला दिवस शक्यतो पाणी टाळा. नंतर भांडी घासण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळा.

आणि ‘अर्ध्या तासात काळी’ असा कोन मात्र घेऊ नका. खरी मेंदी काळी रंगतच नाही. असल्या कोनात अनेकदा केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात, पुढे हेअर डायची कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. लहान पोरींच्या हाताला तर नकोच नको. रंग ४ दिवस कमी टिकला तरी चालेल!