मराठा लाइट इन्फन्ट्री: समज आणि इतिहास

मराठा लाइट इन्फन्ट्री ही शिवकालीन मावळ्यांच्या फौजेतून अखंड चालत आलेली रेजिमेंट आहे, असे महाराष्ट्रात अनेकदा मानले जाते. वस्तुतः तिची सर्वांत जुनी पलटण ईस्ट इंडिया कंपनीने 1768 साली, पुण्यात थोरल्या माधवरावांचा कारभार चालू असताना, मुंबईतील आपल्या ठाण्यांच्या रक्षणासाठी उभारली; त्यामुळे मराठी राज्याशी तिचे नाते वारसाचे नसून प्रतिस्पर्ध्याच्या चाकरीचे होते. जवानांची शिवरायांवरील निष्ठा खरीच, पण ती लष्करी वंशावळीतून नव्हे, तर ज्या घरांतून भरती झाली त्या घरांतून पलटणीत आली.

या पलटणी आरंभापासून मराठा जातीच्याच होत्या, हा समज अधिक रुजलेला आणि अधिक अन्यायकारक आहे. त्यांच्या नावात ‘मराठा’ हा शब्द आला तो 1903 मध्ये, लॉर्ड किचनर यांच्या पुनर्रचनेत. मुंबई इलाख्यातील पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले, तेव्हा तिसरी बॉम्बे लाइट इन्फन्ट्री 103वी आणि पाचवी 105वी मराठा झाली. त्याआधी मुंबईच्या लष्करात मराठे, महार, मुसलमान, ‘परदेशी’ म्हटले जाणारे उत्तर हिंदुस्थानी आणि कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, शिपाई एकत्र नोकरी करीत. काही जमातीच जन्मतः लढाऊ असतात, हा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला, कंपन्या जातवार करण्यात आल्या आणि 1890च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्या समाजातून रामजी सकपाळांसारखे सुभेदार निघाले, त्याला अपात्र ठरवणारा हा निर्णय होता, आणि त्याविरुद्ध त्याच समाजातील निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे केलेला अर्ज या रेजिमेंटच्या इतिहासाबरोबरच वाचला पाहिजे.

‘लाइट’ याचा अर्थ हलकी शस्त्रे किंवा दुय्यम दर्जा, असाही घेतला जातो. मुख्य फळीच्या पुढे विखरून चालणारे, जलद हालचाली करणारे पायदळ ते लाइट इन्फन्ट्री, आणि ही पदवी गौरव म्हणूनही दिली जाई. बलुचिस्तानातील काहान येथे 1840 साली पाचव्या पलटणीची तुकडी मरी टोळ्यांच्या वेढ्यात अनेक महिने तग धरून राहिली. मदतीस निघालेली फौज नफुस्क खिंडीत पराभूत होऊन परतल्यावरही तिने ठाणे सोडले नाही, आणि अखेर मरी सरदाराशी तह करून ती शस्त्रांनिशी, तोफ मागे न टाकता बाहेर पडली. पुढल्याच वर्षी पाचव्या पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’ ही पदवी मिळाली.