विश्लेषण : सतराव्या वर्षी जुनी गाणी कशाला? कंट्री संगीतातील ‘कव्हर अल्बम’चे गणित काय?

पहिल्याच गाण्याने देशभर नाव झालेली गायिका पुढे नवी गाणी गाईल, अशी सर्वांची अपेक्षा असते. अमेरिकी कंट्री गायिका लीअॅन राइम्स हिने मात्र ऑक्टोबर १९९९ मध्ये आणलेल्या अल्बममध्ये जवळपास सगळी गाणी जुनी होती. त्यातली बरीचशी तिच्या जन्माच्या दोन दशके आधीची. तेव्हा ती १७ वर्षांची होती. दुसऱ्याची गाजलेली गाणी पुन्हा गाऊन तरुण गायिकेला काय मिळते? त्यासाठी परवानगी लागते का? आणि पैसे कोणाला जातात?

लीअॅन राइम्स कोण?

मिसिसिपी राज्यात १९८२ मध्ये जन्मलेली आणि टेक्सासमध्ये वाढलेली लीअॅन १९९६ मध्ये ‘ब्लू’ या गाण्यामुळे प्रकाशात आली. तेव्हा तिचे वय होते अवघे १३. पुढच्याच वर्षी तिला दोन ग्रॅमी मिळाले. त्यापैकी एक सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा होता. तोवर कोणत्याही एकल कलाकाराला इतक्या लहान वयात ग्रॅमी मिळाला नव्हता. ‘ब्लू’ हे गाणेही नवे नव्हते. टेक्सासमधील रेडिओ निवेदक बिल मॅक यांनी ते १९५०च्या दशकातच लिहिले होते. आवाज छातीतून झटकन वरच्या पट्टीत नेण्याची जी लकब तिने त्यात वापरली, ती ऐकून लोकांना एकच नाव आठवले, पॅट्सी क्लाइन.

ही तुलना एवढी मोठी का?

पॅट्सी क्लाइन ही कंट्री संगीतातील आद्य महागायिकांपैकी एक. मार्च १९६३ मध्ये टेनेसी राज्यात विमान अपघातात ती गेली, तेव्हा जेमतेम ३० वर्षांची होती. कारकीर्द अर्ध्यावर तुटल्याने तिची गाणी कंट्री श्रोत्यांच्या मनात जपून राहिली. ‘क्रेझी’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १९६१ मध्ये मोटार अपघातानंतर काही आठवड्यांतच ती ते ध्वनिमुद्रित करायला गेली. बरगड्या दुखत असल्याने वरचे सूर लागेनात. अखेर वादकांनी साथ वाजवून ठेवली आणि तिने नंतर येऊन त्यावर गायन केले. लयीच्या किंचित मागे रेंगाळत शब्द टाकण्याची तिची पद्धत आजही गायकांना पेचात टाकते. लीअॅनच्या अल्बममध्ये ‘क्रेझी’सह पॅट्सीची अनेक गाणी होती. म्हणजे ज्या तुलनेपासून एखादी गायिका दूर पळाली असती, ती तिने स्वतःहून ओढवून घेतली.

गाण्यासाठी परवानगी लागते का?

गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा दुसरा. कव्हर करणारा जुने ध्वनिमुद्रण वापरत नाही, गाणे नव्याने गातो. त्यामुळे त्याचा संबंध फक्त पहिल्या हक्काशी येतो. अमेरिकेत १९०९च्या कायद्यापासून अशी सोय आहे की, एखादे गाणे हक्कधारकाच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले की, रीतसर सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून ते कोणीही ध्वनिमुद्रित करू शकतो. आपल्या शैलीला साजेशी वाद्यरचना करता येते. मूळ चाल आणि गाण्याचा गाभा मात्र बदलता येत नाही.

पैसे कोणाला मिळतात?

ते गाणे रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. ‘क्रेझी’ विली नेल्सन यांनी रचले. त्यामुळे कोणीही ते गायले तरी रचनेचे मानधन त्यांच्या बाजूला जाते. ज्या पॅट्सीमुळे ते अजरामर झाले, तिच्या वारसांना नव्या कव्हरमधून काही मिळत नाही. १९९९ मध्ये वैधानिक दर एका गाण्याला, एका प्रतीमागे ७.१ सेंट होता. बारा गाण्यांची सीडी धरली तर प्रतीमागे सुमारे ८५ सेंट रचनाकारांचे. अमेरिकेतील पारंपरिक रेडिओ केंद्रेही रचनेसाठी पैसे मोजतात, गायकाला नाही. म्हणूनच डॉली पार्टन यांनी ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ या गाण्याच्या हक्कातील निम्मा वाटा एल्व्हिस प्रेस्लीच्या व्यवस्थापकाला देण्यास नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणे गायल्यावर त्या नकाराची किंमत जगाला कळली.

भारतात नियम काय?

२०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी नुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे या तरतुदीखाली कव्हर करता येत नाही. त्यानंतरही दरवर्षी किमान ५० हजार प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. मूळ गायकाविषयी संभ्रम निर्माण होईल असे वेष्टन चालत नाही आणि ते कव्हर असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. अमेरिकेपेक्षा ही वाट अरुंद आहे.

मग गायकाच्या हाती काय उरते?

ध्वनिमुद्रणातील आपला वाटा आणि परंपरेतील जागा. कंट्रीमध्ये जुन्यांची गाणी येणे ही घराण्याची ओळख सांगण्यासारखी गोष्ट मानली जाते. पण त्यात धोकाही आहे. हुबेहूब गायले तर नक्कल ठरते, फार बदलले तर जुने श्रोते रागावतात. रे चार्ल्स यांनी १९६२ मध्ये कंट्री गाणी सोल आणि बिग बँडच्या साजात गाऊन दुसरी वाट दाखवली होती. लीअॅनने १९९९ मध्ये मुळाच्या जवळ राहणे पसंत केले आणि ‘बिग डील’ हे एकच नवे गाणे त्यात ठेवले. २०११ मध्ये तिने पुन्हा कव्हर अल्बम केला, ‘लेडी अँड जंटलमेन’. या वेळी निवडली ती पुरुष गायकांची गाणी, म्हणजे थेट तुलनेला फारशी जागाच नव्हती. त्यात तिने आणखी एक जुने गाणे नव्याने गायले, तेराव्या वर्षी गायलेले स्वतःचे ‘ब्लू’. आता तुलना पॅट्सीशी नव्हती, तिच्या स्वतःच्याच आवाजाशी होती.