परवान्यावर सही कोणाची?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे जे लहानसे गोंड गाव आहे, त्याच्या रानावर जमीनदारीच्या काळात गावाचा निस्तार हक्क चालत असे, म्हणजे घराला लाकूड, गुरांना चारा आणि पोटाला कंदमुळे आणण्याची मुभा असे. पुढे जमीनदारी गेली, रान सरकारजमा झाले, त्यातला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद गिरणीकडे गेला, आणि ज्यांच्या दारात ते रान होते त्यांनाच तेथे चोरपावलांनी वावरण्याची पाळी आली. गिरणीचा शब्द थेट मंत्रालयात पोहोचत होता. गावाचा शब्द नाक्यावरच अडत होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तथापि १९२७ च्या वन अधिनियमात २०१७ पर्यंत बांबू वृक्षांत मोडत असे, तेवढ्या आधारावर वाहतुकीचा परवाना मात्र गावाला मिळेना. तोडलेला बांबू वेशीबाहेर नेता येत नसेल, तर त्या हक्काचे मोल ते काय! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. ते पुस्तक दिसायला साधेच. पण निर्णयात कोणाचे किती चालते, याचा खरा निवाडा माझ्या मते अशाच पुस्तकावरील सहीने होतो, सल्लामसलतीच्या बैठकांतील हजेरीपटाने नव्हे.

ही सही पेलण्याची तयारी मेंढ्याने कित्येक वर्षे आधीपासून केली होती. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी अभ्यासगटात बसून कायद्याची कलमे समजून घेत, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या सोबतीला असत, आणि ग्रामसभेचा दंडक असा की निर्णय सर्वसहमतीनेच व्हावा, एकाचाही विरोध असेल तर तो पुढे ढकलावा. वेळ फार जातो हे खरे. परंतु बहुमताच्या घाईत ज्यांचा आवाज सहज दडपला जातो, त्यांचे येथे थांबून ऐकावेच लागते.

बांबूच्या रांजीपाशी (बेटापाशी) उभे राहिले म्हणजे या सबुरीचे कारण उमगते: कोवळे वास्ते (कोंब) आणि गतसालचे बांबू राखून आतला जून बांबू तेवढा तोडायचा असतो, कारण कोवळ्यावर कोयता चालला की रांजी खुंटते, आणि पुढील हंगामात त्याच रांजीकडे परतायचे असते ते गावकऱ्यांनाच.