इटालियन शब्दांचा तोल

इटालियन भाषा बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, म्हणून देवनागरीत वाढलेल्या आपल्या मंडळींना ती पहिल्याच दिवशी आपलीशी वाटते. परंतु आघात कोठे द्यावयाचा, हे लेखन क्वचितच सांगते. ‘कापितानो’ हा चार अक्षरांचा शब्द घ्या. ‘का’वर आघात दिला तर अर्थ ‘घडतात’. ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’. आणि अखेरच्या ‘नो’वर दिला तर ‘त्याने नेतृत्व केले’! यांपैकी शेवटच्या रूपालाच आघातचिन्ह द्यावे लागते. उरलेली दोन कागदावर जुळी भावंडे.

आघात ओळखण्यापूर्वी शब्द फोडता आला पाहिजे. द्वित्त व्यंजन दुभंगते: ‘सेत्ते’ म्हणजे सात, त्याची फोड सेत्‌-ते, ‘सेते’ म्हणजे तहान, ती से-ते. आपल्या ‘चिता’ आणि ‘चित्ता’ या शब्दांतील भेद ज्याच्या कानाला कळतो, त्याला हे शिकवावे लागत नाही. ‘दान्ते’ची फोडही दान्‌-ते अशीच; पण ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला सोडीत नाही. पा-स्ता, फि-ने-स्त्रा (खिडकी). येथे आपली जोडाक्षरे इटालियन शुद्धलेखनाशी नेमकी जुळतात.

बहुसंख्य शब्दांचा आघात उपान्त्य अक्षरावर असतो, मिलानोत ‘ला’वर. अशा शब्दांना ‘पियाना’, म्हणजे सपाट, म्हणतात. नापोलीत तो ‘ना’वर, शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो, असा शब्द ‘झ्द्रुच्चोला’, म्हणजे घसरडा. हे नाव कोणा मिस्किल वैयाकरणाला सुचले असावे! अन्त्याघाती शब्द तो ‘त्रोंका’, छाटलेला. नगर या अर्थाचा त्यांचा ‘चित्ता’ हा शब्द पूर्वी ‘चित्तादे’ होता. शेपूट तुटले, आघात जागचा हलला नाही. म्हणून तो आता टोकाला आला आणि त्यावर चिन्ह चढले.

या तोलावरच त्यांचे काव्य उभे आहे. दान्तेच्या महाकाव्यातील १४,२३३ ओळी ‘एन्देकासिल्लाबो’ या एकादशाक्षरी छंदात आहेत. आपल्या इंद्रवज्रेतही अक्षरे अकराच, पण तेथे प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले. इटालियन कवीचे मुख्य बंधन वेगळे: ओळीतील शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर यावा. लगतच्या दोन शब्दांचे स्वर तेथे बहुधा एकत्र मोजतात, हे ध्यानात ठेवावे. ओळीअखेर सपाट शब्द आला की अक्षरे अकरा भरतात, छाटलेला आला तर दहा, घसरडा आला तर बारा. आणि तिन्ही ओळी एकाच छंदाच्या.