भातपिकातील नत्राची उणीव : लक्षणे व निदान

भाताच्या खाचरात पिवळेपणा दिसताच नत्र कमी पडले, असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. हा निष्कर्ष पुष्कळदा बरोबर असतो. परंतु तो चुकल्यास हानी दुहेरी होते. अनावश्यक युरियाने पीक माजते, लोळते व करप्यास सहज बळी पडते. आणि खरी उणीव तशीच राहून जाते. म्हणून पीक पिवळे आहे काय, यापेक्षा ते कोणत्या पानापासून पिवळे पडू लागले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही आज दाट वस्तीची उपनगरे असली, तरी साष्टी बेटाचा हा प्रदेश मूळचा भातखाचरांचा. सांताक्रूझ येथे एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात नायट्रेट निचऱ्याबरोबर वाहून जाते. आणि साचलेल्या पाण्याखालील प्राणवायुहीन थरात जीवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात. त्यामुळे कोकणपट्टीतील भातास नत्राची उणीव वरचेवर भासते.

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. शिवाय प्रकाशसंश्लेषणास लागणाऱ्या विकरांतही नत्र मोठ्या प्रमाणावर गुंतलेले असते. मुळांकडून पुरवठा अपुरा पडला, की वनस्पती जुन्या पानांतील प्रथिनांचे विघटन करून त्यांतील नत्र कोवळ्या पानांकडे वळविते. साहजिकच पिवळेपणा खालच्या पानांवर प्रथम प्रकट होतो. तो पात्याच्या शेंड्यापासून मध्यशिरेच्या रोखाने खाली सरकतो व शेवटी पान वाळते. फुटवे कमी येतात, पाती अरुंद व आखूड राहतात आणि लोंबीतील दाण्यांची संख्या घटते.

या लक्षणांची इतर उणिवांशी तुलना केल्यास निदान सुकर होते. गंधक व लोह वनस्पतीत सहज स्थलांतर करीत नाहीत. म्हणून त्यांच्या अभावी कोवळी पाने आधी फिकी पडतात. लोहाच्या अभावी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. पालाश कमी असल्यास जुनीच पाने बिघडतात, परंतु शेंड्याकडून कडा करपत जातात. जस्ताच्या अभावी पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके उमटतात. याखेरीज लावणीनंतरचे काही दिवस रोप फिके दिसणे, तसेच दाणे भरताना खालची पाने पिकणे, हे स्वाभाविक होय. त्यास उणीव समजू नये.

मात्र खालचे पान पिवळे पडेपर्यंत थांबणे म्हणजे वनस्पतीने आपले भांडवल खर्चावयास काढल्यावर जागे होणे होय. फुटव्यांचा काळ टळल्यावर दिलेल्या नत्राने गेलेले फुटवे परत येत नाहीत. यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पानांच्या रंगाचा तक्ता प्रसारात आणला. लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांपासून फुलोऱ्यापर्यंत, दर सात ते दहा दिवसांनी, दहा रोपांचे सर्वांत वरचे पूर्ण उमललेले पान तक्त्याशी ताडून पाहावयाचे असते. निरीक्षण एकाच व्यक्तीने, दिवसाच्या ठराविक वेळी व पानावर स्वतःची सावली धरून करावे. दहांपैकी सहा वा अधिक पाने ठरलेल्या छटेहून फिकी आढळल्यास नत्राचा हप्ता द्यावा. ही छटा वाणानुसार बदलते, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

शंका उरल्यास खाचराच्या एका पट्ट्यास नत्राची पुरेशी मात्रा देऊन इतर पिकाशी तुलना करावी. पट्टा स्पष्टपणे गडद हिरवा झाला, तर नत्राची उणीव सिद्ध होते. न झाल्यास कारण अन्यत्र शोधावे. डोळ्यांनी घेतलेल्या संशयाची अशी कसोटी लावल्यावरच खताची गोणी उघडणे इष्ट ठरते.