सगळ्या खात्यांचे सर्व्हर एकीकडे. मग कॅनडाच्या सांख्यिकी प्रमुखांनी राजीनामा का दिला?

प्रत्येक सरकारी खात्याचा सर्व्हर वेगळा, ईमेल वेगळा, खर्चही वेगळा. हे थांबवण्यासाठी कॅनडाने ऑगस्ट २०११ मध्ये 'शेअर्ड सर्व्हिसेस कॅनडा' ही संस्था उभारली. ४३ खात्यांचे ईमेल, डेटा सेंटर आणि नेटवर्क तिच्याकडे गेले. उद्दिष्ट होते ६३ ईमेल यंत्रणांची एक आणि ४८५ डेटा सेंटरची ७ करण्याचे.

कागदावर हिशेब सोपा होता. ईमेलसाठी मार्च २०१५ ची मुदत होती, ती हुकली. पण खरी अडचण मशीनची नव्हतीच. आयटी विभाग खात्याचा असतो तेव्हा सर्व्हर बंद पडला की जाब कुणाला विचारायचा, हे माहीत असते. तोच दुसऱ्या संस्थेकडे गेला की खाते रांगेतले एक ग्राहक होते. त्यातही कोणत्या दर्जाची सेवा मिळेल, हे खात्यांना क्वचितच स्पष्ट सांगितले गेले, असा ठपका महालेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ठेवला.

सप्टेंबर २०१६ मध्ये 'स्टॅटिस्टिक्स कॅनडा'चे प्रमुख वेन स्मिथ यांनी पद सोडले. आकडेवारी गोळा करण्यापासून प्रसिद्ध करण्यापर्यंतच्या निर्णयांवर आयटी संस्थेला जणू नकाराधिकारच मिळाला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तोही जनगणनेच्या वर्षात.